आधी घड्याळ पाहा

मंडळी, नोव्हेंबर आला की आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांचे मला फोन सुरू होतात. हयातीचा दाखला भरायचा असतो आणि साइट उघडायच्या ऐवजी पडद्यावर लाल त्रिकोण येतो: ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. पुढचा प्रश्नही ठरलेला, “खाली ‘ॲडव्हान्स्ड’ लिहिलंय, ते दाबून पुढे जाऊ का?” मी म्हणतो, “थांबा काका. आधी घड्याळ पाहा.”

घड्याळाचा इथे काय संबंध? आपण साइट उघडतो तेव्हा ब्राउझर तिच्याकडे ओळखपत्र मागतो. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर साइटचं नाव, ते देणाऱ्या संस्थेची सही आणि मुदत असते. जुन्या संगणकात मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग आजचं ओळखपत्र ब्राउझरला पुढच्या काळातलं वाटतं आणि तो अडवतो. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा. सेल स्वस्तात बदलून मिळतो.

तारीख बरोबर असेल तर दुसरा प्रश्न: एकच साइट अडतेय की सगळ्या? सगळ्या अडत असतील तर दोष बहुधा आपल्याकडे आहे. हॉटेल किंवा स्टेशनच्या वाय-फायवर असाल तर मोबाईल डेटावर उघडून पाहा. अँटीव्हायरसही कधी मध्ये येतो. यंत्र फार जुनं असेल तर नव्या संस्थांच्या सह्या त्याला ओळखू येत नाहीत. 30 सप्टेंबर 2021 ला एका जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभर अनेक जुनी यंत्रं अशीच अडली. विंडोज 7 वर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती. तिथे किती दिवस ओढायचं, याचा घरात विचार करा.

एकच साइट अडत असेल तर त्रिकोणाखालचा बारीक मजकूर वाचा. ‘डेट इन्व्हॅलिड’ असेल आणि आपली तारीख बरोबर असेल, तर त्या साइटनेच मुदत वाढवलेली नाही, उद्या पाहा. ‘कॉमन नेम इन्व्हॅलिड’ म्हणजे ओळखपत्र दुसऱ्याच नावाचं. पत्त्यातलं एकेक अक्षर तपासा.

बँक, पेन्शन, आधार, म्हणजे जिथे पासवर्ड किंवा ओटीपी टाकायचा, तिथे इशारा डावलून कधीही पुढे जाऊ नका. दाखला दोन दिवस उशिरा गेला तर चालेल, नाहीतर बँकेत प्रत्यक्ष जाऊन देता येतो. गेलेले पैसे मात्र सहज परत येत नाहीत. आणि ब्राउझरच्या खऱ्या इशाऱ्यात मदतीचा फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला, की समजा भामटा आहे.

उलट बाजूही सांगतो. इशारा आला नाही म्हणून साइट खरीच, असं नाही. ओळखपत्र भामट्यालाही मिळतं. म्हणून बँकेचा पत्ता मेसेजमधल्या लिंकवरून न उघडता स्वतः टाइप करा. तरी फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता लगेच 1930 वर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

घरातल्या मुलानातवंडांनो, या रविवारी आजी-आजोबांच्या संगणकाची तारीख एकदा पाहून घ्या.