आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं? आधी हे गणित बघा
दहावीनंतर आयटीआयला गेलेला मुलगा इंजिनीअर होणार नाही, असं अनेक घरांत आजही मानलं जातं. प्रत्यक्षात राज्यात २ वर्षांचा आयटीआय ट्रेड पास झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमानंतर पदवीलाही तसंच. म्हणजे २+२+३, एकूण ७ वर्षं. बारावी करून गेलं तर ६. फरक एकाच वर्षाचा. शिवाय फिटर, इलेक्ट्रिशियनसारखं पोट भरणारं काम हाती असतं.

खरी अडचण पुढे येते. डिप्लोमाचं पहिलं वर्ष चुकल्यामुळे गणिताचा पाया कच्चा राहतो आणि मुलं तिथेच अडखळतात. म्हणून नुसता प्रवेश पुरेसा नाही. पॉलिटेक्निकनं वर्ग सुरू होण्याआधी गणिताचा ब्रिज कोर्स घ्यायलाच हवा. मेहनत मुलं करतीलच.