प्रवचनातली गोष्ट आणि तिसऱ्या बाकावरची बाई

रविवारी चर्चमध्ये प्रवचन सुरू झाले की पहिली दोन मिनिटे सगळेच कान देतात. मग कोणी हळूच घड्याळ पाहते, कोणाला घरी भिजत घातलेले वाटाणे आठवतात. इतक्यात फादर म्हणतात, ‘एका गावात एक सावकार होता,’ आणि पेंगुळलेल्या माना वर होतात. कीर्तनाला जाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पूर्वरंगात डुलक्या घेणारा श्रोता उत्तररंगात आख्यान लागले की ताठ बसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती संदेशासाठी कीर्तन उगाच जवळ केले नव्हते.

पण गोष्ट केवळ झोप उडवण्यासाठी नसते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला आहे. तो आपण इतक्या गंभीर चेहऱ्याने ऐकतो की त्यातला विनोदच निसटतो. चाकराकडे राजाचे दहा हजार टॅलंट येणे आहे. एक टॅलंट म्हणजे साधारण 6,000 दिनार आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. करा हिशेब: 6 कोटी दिवसांची मजुरी! एकही सुटी न घेता राबले तरी 1 लाख 64 हजार वर्षे लागतील. आणि हा गडी राजाच्या पाया पडून म्हणतो काय, तर थोडी मुदत द्या, सगळे फेडतो! गालिलातले कोळी आणि मजूर हे ऐकून खो खो हसले असणार, असे मला तरी वाटते. राजा सगळे कर्ज माफ करतो. हा बाहेर पडतो आणि 100 दिनारांसाठी, म्हणजे तीन-सव्वातीन महिन्यांच्या मजुरीसाठी, सोबतच्या चाकराचा गळा धरतो. इथे हसू थांबते. कारण असे 100 दिनार प्रत्येकाचेच कुठे ना कुठे अडकलेले असतात. भावाकडे, जावेकडे, नाहीतर शेजाऱ्याकडे. आधी हसलो नसतो, तर ते आठवलेही नसते.

नाथान संदेष्ट्यानेही दाविद राजाला समोरून पापी म्हटले नाही. गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, राजाला संतापू दिले आणि मग सांगितले की तो माणूस तूच.

नुसत्या हशासाठी हशा मात्र महागात पडतो. मध्ययुगाच्या अखेरीस बव्हेरियाच्या भागात ईस्टरच्या प्रवचनात लोकांना हसवण्याची प्रथा होती. उपवासकाळ संपल्याचा आणि पुनरुत्थानाचा तो आनंद. पण उपदेशक पशुपक्ष्यांच्या नकला करू लागले, चावट किस्से सांगू लागले. शेवटी 1518 मध्ये बाझलला एकोलांपाडियस या धर्मपंडिताने त्यावर टीका करणारे पत्र छापले. आपल्याकडे तितके टोक गाठले जात नाही. आपल्याकडचे दुखणे म्हणजे उसने विनोद. इंग्रजी किश्शांच्या पुस्तकातला गोल्फ खेळणारा पाद्री वसईच्या वाडीत आणून उभा केला, तर केळीच्या बागेत राबणाऱ्याने हसायचे तरी कशाला?

परका विनोद फार तर फुकट जातो. जवळचा जखम करतो. समजा, प्रवचनात दारुड्याची गंमत रंगली आहे. तो झोकांड्या खात घरी येतो, दार सापडत नाही वगैरे. पुरुषमंडळी हसतात, मुले हसतात. तिसऱ्या बाकावरची एक बाई मात्र पदराचे टोक बोटाला गुंडाळत खाली पाहते. रात्री दार तिनेच उघडलेले असते. ‘आपल्याच गावातल्या एका कुटुंबाची गोष्ट’ अशी सुरुवात तर आणखी वाईट. नाव बदलले तरी गाव ओळखते आणि माना नेमक्या त्याच बाकाकडे वळतात. पापनिवेदनात ऐकलेले उघड करायला चर्चच्या कायद्याने सक्त मनाई आहे. पण ओटीवर चहा घेताना किंवा आजाऱ्याच्या खाटेपाशी ऐकलेले दुःखही उदाहरणासाठी मिळालेले नसते. हसायचेच असेल तर उपदेशकाने स्वतःवर हसावे. ते सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जून 2024 मध्ये धर्मगुरूंना बजावले होते की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये. त्याच आठवड्यात त्यांनी व्हॅटिकनमध्ये शंभरावर विनोदी कलावंतांची भेट घेतली. आठ मिनिटांत एकच गोष्ट नीट मावते, आणि तिच्यावरचे भाष्य थोडेच उरते. ते बरेच आहे. 1931 मध्ये मुंबईत जन्मलेले आणि लोणावळ्याला साधना केंद्र चालवणारे येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो सूफी, झेन, हिंदू अशा सगळ्या घरच्या चिमुकल्या गोष्टी सांगत आणि बहुधा तात्पर्य न सांगता पुढे जात. ते वारल्यावर अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांवर आक्षेप नोंदवला. मोकळ्या सोडलेल्या गोष्टीचे हे असे असते. ती कुठे जाईल, सांगणाऱ्याच्या हाती राहत नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. धाकटा परत आला, मेजवानी सुरू झाली, थोरला रुसून बाहेर उभा. बाप त्याला समजावायला येतो आणि तिथेच येशू थांबतो. बऱ्याच प्रवचनांत या थोरल्याला हाताला धरून आत नेले जाते, पंगतीत बसवले जाते. लूकच्या शुभवर्तमानात तो अजून बाहेरच आहे.