पाळीचा कप आणि बाजाराचे मौन

जी वस्तू एकदा घेतली की दहा वर्षांपर्यंत पुन्हा घ्यावी लागत नाही, तिची जाहिरात भांडवलदार कशासाठी करील? मासिक पाळीच्या कपाविषयी तरुणींना माहिती नसण्याचे कारण त्यांच्या लाजाळूपणात शोधणाऱ्यांनी प्रथम या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

हा कप काही कालपरवाचा शोध नव्हे. अमेरिकेत लिओना चाल्मर्स यांनी १९३७ सालीच त्याचे पेटंट घेतले होते. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कप सुरक्षित आहे आणि गळतीच्या बाबतीत पॅडपेक्षा उणा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

उचगावचाच हिशेब मांडू. कोल्हापूर शहर व गांधीनगरची बाजारपेठ यांना लागून असलेल्या या गावातील तरुणीने दर पाळीला १२ पॅड वापरले व पॅडला ६ रुपये पडले, असे धरू. वर्षाचे ८६४ आणि दहा वर्षांचे ८,६४० रुपये झाले. चारपाचशे रुपयांचा कप तेवढाच काळ पुरू शकतो. हा फरक मजुराच्या घरातून कारखानदाराच्या तिजोरीत जातो, आणि मागे उरलेले प्लॅस्टिक सफाई कामगाराच्या हाती येते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम पुण्याच्या कचरावेचक महिलांना चालवावी लागली, ती याच अपमानामुळे.

शासनाने २०१८ मध्ये पॅडवरील कर काढला. त्याच वर्षी राज्यात ‘अस्मिता’ योजनेतून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅड पाच रुपयांत देऊ केले. हे योग्यच झाले. परंतु आरोग्याचा प्रश्न केवळ पॅड वाटण्याचा प्रश्न मानला गेला. केरळात मात्र २०१९ मध्ये आलप्पुळा येथे आणि २०२२ मध्ये कुंबळंगी गावात सार्वजनिक पुढाकाराने कप वाटले गेले. शाहू महाराजांच्या कोल्हापुराला हे अशक्य आहे काय?

कपामुळे कौमार्य भंगते, हा आक्षेप विचारातही घेण्याच्या योग्यतेचा नाही. स्त्रीची प्रतिष्ठा शरीराच्या एका पडद्यावर टांगणारी ती सरंजामी समजूत आहे. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. कप धुण्यास स्वच्छ पाणी, उकळण्यास भांडे आणि दार लागणारे शौचालय हवे. ऊसतोडणीच्या हंगामात फडाशेजारी पालात राहणाऱ्या बाईजवळ यांपैकी काय असते? बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जेथे पाळीचा खाडाही मजुरीतून कापला जातो, तेथे नुसता कप वाटणे ही क्रूर थट्टा ठरेल. म्हणून कपाची मागणी पाण्याच्या, शौचालयाच्या व पगारी रजेच्या मागणीपासून तोडता येणार नाही.

आपल्यापैकी काहींना हा ‘बायकांचा खाजगी विषय’ वाटतो. ज्या विषयावर कारखाने चालतात, तो खाजगी कसा? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चावयाचा असतो. उचगावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत त्याचा हिशेब मागावा. त्या निधीतून इच्छुक तरुणींना कप, तो वापरण्याचे आरोग्यसेविकेकडून शिक्षण आणि अडचण आल्यास तपासणीची सोय मिळावी, असा ठराव मांडावा. कप वापरावा की पॅड की कापड, हे प्रत्येकीने स्वतः ठरवावे. पण माहितीच दडवून ठेवली असेल, तर त्या निवडीला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.