‘नका’ गळू देऊ नका

आपल्या मुरुडात व्हिडिओ काढणारे आता गल्लोगल्ली आहेत. कुणी सोयाबीनच्या रानात उभं राहून बोलतं, कुणी गोठ्यातून, कुणी सप्ताहातलं कीर्तन टाकतं. काढा, जरूर काढा. फक्त जे बोललात ते खाली लिहूनही द्या.

आमच्या तात्यांची पिठाची गिरणी होती. तीस-पस्तीस वर्षं त्या आवाजात गेली आणि कानही गेले. आता ते मोबाइल कानाला लावून बसतात आणि थोड्या वेळानं वैतागून बाजूला ठेवतात. २०११च्या जनगणनेत देशात ५० लाखांवर लोकांची कानाने अधू म्हणून नोंद झाली. तात्यांसारखे ‘जरा मोठ्यानं बोल की’ म्हणणारे त्या नोंदीत कुठले असायला! तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल.

आणि कान धड असलेलेही कुठं आवाज लावतात? एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, निजलेल्या लेकराशेजारी सगळे मुक्यानंच बघतात.

आता खालच्या ओळी आपोआप लिहून देणारी ॲप आली आहेत. वापरा. पण त्यांच्या भरवशावर झोपू नका.

आमच्या शेजारच्या पोरानं मृगाच्या तोंडावर पेरणीचा व्हिडिओ केला. तो बोलला ते बरोबर होतं : ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका.’ ॲपनं ‘बिगर’ही खाल्लं आणि ‘नका’ही. खाली राहिलं ‘पाऊस झाल्या पेरू’. त्याच ॲपकडून इंग्रजी ओळी करून घेतल्या, तर पेरणीतला ‘पेरू’ फळ होऊन आला! त्यावर आम्ही हसलो. पण पुढच्या ओळीवर हसू आलं नाही. दहा लिटर पाण्याला औषध सात मिली सांगितलं होतं. ॲपनं लिहिलं, साठ.

एवढ्या औषधानं कुणाचं उभं पीक करपलं, तर त्या माणसानं जाब कुणाला विचारायचा? ॲपला तर विचारता येत नाही. तो तुमच्या दारात येणार.

म्हणून व्हिडिओ टाकण्याआधी ओळी एकदा वाचा. सगळ्या वाचायचा कंटाळा आला तर निदान आकडे आणि ‘नका’, ‘नाही’, ‘बिगर’ एवढं तरी तपासा. औषधाचं, खताचं, पैशाचं प्रमाण अक्षरात न लिहिता आकड्यात लिहा.

आपली बोली यंत्राला नीट कळत नाही, हेही धरून चाला. ‘काय करूलालास’ म्हटलं की ते काहीही लिहितं. म्हणून पुण्याचं बोलायला जाऊ नका. बोला आपलंच. लिहा तेही आपलंच. ‘कामून’ म्हणालात तर खाली ‘कामून’च हवं. ओठ एक बोलतात आणि ओळ दुसरंच सांगते, तेव्हा वाचणारा गोंधळतो.

बोलताना मोटार बंद करा. वाऱ्याकडे पाठ करा. एक वाक्य संपलं की श्वास घ्या, मग पुढचं. निम्म्या चुका इथंच टळतात.

मजकूर टाइप करायचा कंटाळा असेल तर गूगलचा कीबोर्ड घ्या. माइकचं चित्र दाबून मराठीत बोला, तो लिहितो. मग दुरुस्त करा. डीटीपीच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणू नका, पडद्यावर नुसता कचरा दिसतो. दुकानदाराला ‘युनिकोडमध्ये द्या’ एवढं सांगा.

यूट्यूबवर टाकत असाल तर संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडा. सबटायटल्समध्ये जा, भाषा मराठी निवडा आणि एकेक वाक्य लिहीत जा. लिहिताना व्हिडिओ थांबवून धरायची सोय तिथं आहे. वेगळी फाइल, म्हणजे एसआरटी, करणार असाल तर मजकूर मराठी असू द्या, पण वेळेचे आकडे इंग्रजीच ठेवा. वेळ मराठी आकड्यात लिहिली तर फाइल चालत नाही. यात भल्याभल्यांची संध्याकाळ जाते.

एका वेळी दोनच ओळी ठेवा, त्याही आखूड. सगळ्यात खाली फोन नंबराची पट्टी लावायची सवय सोडा. ओळी नेमक्या तिथंच येतात.

यूट्यूबवर जोडलेल्या ओळी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओत जात नाहीत. तिथं पाठवायचा असेल तर ओळी चित्रातच पक्क्या बसवाव्या लागतात. एकदा बसल्या की खोडता येत नाहीत, म्हणून तेव्हा दोनदा वाचा.

पूर्वी दुसऱ्यांच्या व्हिडिओला प्रेक्षकही ओळी लिहून देऊ शकत. ती सोय यूट्यूबनं सप्टेंबर २०२०मध्ये बंद केली. आता ज्याचा चॅनेल, त्यानंच बघायचं. तुमच्याकडून होत नसेल तर भाच्या-पुतणीला सांगा. पण पासवर्ड देऊ नका, ओटीपी तर मुळीच नको, मग समोरचा कितीही जवळचा असो. स्टुडिओत फक्त ओळी लिहिण्यापुरती परवानगी देता येते. तेवढीच द्या. आणि ‘फुकट प्रो ॲप’ म्हणून कुणी लिंक पाठवली तर दाबू नका.

नावाचंही एक सांगून ठेवतो. नुसतं ‘मुरुड’ लिहिलं की लोकांना जंजिऱ्याचा समुद्र दिसतो. दापोलीजवळ कर्व्यांचं मुरुड आहे, ते आणखी वेगळं. तुम्ही ‘मुरुड, जि. लातूर’ असं पूर्ण लिहा.

ओळी लिहिण्याचा अजून एक फायदा. अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९६ साली गाण्याखाली त्याच भाषेत बोल दाखवायची कल्पना काढली. पुढं दूरदर्शनच्या चित्रहारमध्ये ती आली. गाणं बघता बघता माणसं वाचायला लागतात, एवढाच त्यांचा हिशेब. तुमच्या कीर्तनाखालच्या ओळी घरातलं दुसरीतलं लेकरूही वाचेल.

शेजारच्या पोरानं ओळी सुधारल्या. मग सोयाबीनचं बियाणं तपासायचा दुसरा व्हिडिओ केला. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ७० उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. आवाज बंद करून तो तात्यांना दाखवला. तात्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘गोणपाट किती दिवस ओलं ठेवायचं, ते का नाही लिहिलं?’

पोरानं ते बोललंच नव्हतं.