फोटोवाल्यावर राग काढून काय मिळणार?

आमच्या वस्तीच्या स्मशानभूमीला रस्ता नाही. पावसाळ्यात मयत खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून जावं लागतं. गेल्या महिन्यात त्यासाठी तहसीलवर मोर्चा नेला. दीडशेच्या वर बाया भर उन्हात चार तास बसून होत्या. पेपरचे फोटोवाले भाऊ आले, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढले आणि त्यांनी सगळा मोर्चा टिपला. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एक कॉलम आला. साहेब निवेदन घेताहेत आणि आमचे तीन पुरुष कार्यकर्ते वाकून कागद देताहेत. बाया गायब. रस्ता 'विविध मागण्या' या दोन शब्दांत गाडलेला.

तेव्हापासून 'मनुवादी मीडियाचा दलाल' असे मेसेज आमच्या ग्रुपवर फिरताहेत. फोटोवाल्याला वस्तीत पाऊल ठेवू द्यायचं नाही, असं काही तरुणांनी ठरवलंय. आम्ही विरोध केला तर आम्हालाच चार शब्द ऐकावे लागले. राग खोटा नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण नेम चुकलाय.

हा माणूस दिवसभर करतो तरी काय? सकाळी ग्रामीण रुग्णालयात अपघाताचा फोटो. मग पोलीस ठाणे: तोंड झाकलेला आरोपी, मागे रांगेत उभे पोलीस. दुपारी कुठेतरी उद्घाटन. एका फितीला सहा हात, आणि ज्याचा चेहरा कापला गेला तो पुढारी संध्याकाळी फोन करून झापणार. फोटो व्हॉट्सॲपवरून जिल्ह्याच्या कचेरीत जातात. कोणता लावायचा, कुठून कापायचा, हे तिथला डेस्क ठरवतो. मोर्चाच्या दिवशी भाऊंनी अकरा फोटो पाठवले होते. मोबाईल उघडून त्यांनी आम्हाला दाखवले. दहा फोटोंत बाया, एकात साहेब. "साहेबांचा पाठवला नसता ना ताई, तर तेवढंही लागलं नसतं," म्हणाले.

त्यांना पगार नाही. छापून आलेल्या फोटोमागे जे मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही. घर चालतं लग्नाच्या ऑर्डरींवर. गळ्यातलं ओळखपत्र टिकवायचं तर वर्षाला ठरलेल्या रकमेच्या जाहिराती आणायच्या. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याच्या व्याख्येत वृत्तछायाचित्रकार स्पष्ट शब्दांत होता. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. पण भाऊ कागदोपत्री कर्मचारीच नाहीत, मग वेतन कसलं? घाम एकाचा, मालकी दुसऱ्याची. हे आम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको.

म्हणून भाऊंना पूर्ण माफी, असंही आम्ही म्हणत नाही. मागे एका मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी पोराला शर्ट काढायला लावून पाठीवरच्या वळांचा फोटो घेतला. पोराला विचारलं नाही, आईलाही नाही. आम्ही तोंडावर सुनावलं तेव्हा मान खाली घातली. पण तो फोटो किती मोठा आला, आठवतंय का? चार कॉलम, पहिल्या पानावर! आमच्या पाठीला चार कॉलम आणि आमच्या मोर्चाला एक. आम्ही मार खाल्लेले हवे आहोत किंवा वाकलेले. ताठ बसलेल्या दीडशे बाया डेस्कला चालत नाहीत. हे माप भाऊंच्या कॅमेऱ्यात ठरत नाही.

आता स्वतःकडेही बघू. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. आज तसं होत नाही. आज आपली जाहिरात हसत हसत घेतात. १४ एप्रिलला अख्खं पान आपल्या मंडळाच्या पैशाने भरतं. वर बाबासाहेब, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, त्यात आपलेच तरुण, गॉगल लावून. ती जाहिरात मागायला तेच भाऊ येतात, कारण त्यांना टार्गेट आहे. बातमी फुकट छापत नाहीत, जाहिरात विकत घेतात, आणि दोन्हीच्या मध्ये आपण भाऊंना शिव्या घालतो!

त्या पानात किती बायांचे चेहरे असतात, हेही एकदा मोजा. मोर्चातून बाया कापल्या म्हणून डेस्कवर आपण चिडलो. आपल्या पानावरून त्यांना कुणी कापलं?

येत्या रविवारी जयंती मंडळाची बैठक आहे. आमचा ठराव तयार आहे: यंदा जाहिरातीची रक्कम थेट कचेरीत जाऊन द्यायची, आणि देण्याआधी संपादकांपुढे ते दहा फोटो ठेवून विचारायचं, यातला एकही का लागला नाही? उत्तर मिळालं नाही तर त्या पैशातून वस्तीतल्या दोन मुलींना कॅमेरा घेऊन द्यायचा. शिकवायला भाऊ तयार आहेत, आम्ही विचारलंय. फक्त लग्नसराई संपू द्या, म्हणाले.