संगणकाचं बिऱ्हाड : एकत्र की वेगळं?



धानाचे चुकारे हाती आले आणि धाकट्या नणंदबाई लेकीला घेऊन नवेगाव बांधहून आमच्याकडे अर्जुनीला आल्या. भाची बी.कॉम. झाली आहे. आता लिपिक-टंकलेखक पदासाठी तयारी चालली आहे. त्याला टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं; मिनिटाला मराठी ३० शब्द किंवा इंग्रजी ४०. मोबाईलच्या काचेवर अंगठे नाचवून तो वेग येत नाही, त्याला कीबोर्डच हवा. म्हणून घरात संगणक घ्यायचं ठरलं.

गोंदियाच्या एका दुकानात त्यांनी ‘ऑल-इन-वन’ संगणक पाहून ठेवला होता. म्हणजे पडदा आणि यंत्र एकाच चौकटीत. टेबलाखाली डबा नाही की वायरींचं जंजाळ नाही. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर.

“वहिनी, टेबलावर कसा टीव्हीसारखा शोभतो! पण कुणी म्हणतं, आता ही तऱ्हा बंद पडणार. तुम्हीच सांगा, घेऊ की नको? हे पैसे गेले तर पुढच्या हंगामापर्यंत दुसरे नाहीत.”

मला विचारायला कारण होतं. सात वर्षांपूर्वी आम्हीही असाच संगणक घेतला होता. तीन पावसाळे छान चालला. चौथ्या पावसाळ्यात एकदा लाईन गेली, परत आली, आणि पडदा काळाठिक्कर! आत पंखा फिरत होता, म्हणजे यंत्र जिवंत होतं. दुरुस्तीवाल्यानं वायर लावून ते आमच्या टीव्हीला जोडून दाखवलं, तर सगळं जिथल्या तिथे! पण त्या मॉडेलचा पडदा मिळेना. मिळता तरी खर्च निम्म्या किमतीचा. शेवटी यंत्र चांगलं असूनही ते पोटमाळ्यावर गेलं.

तेव्हा मला आईच्या घरचा टू-इन-वन आठवला. त्यातली कॅसेटची बाजू बिघडली, तरी रेडिओ पुढे कितीतरी वर्षं गात होता. या संगणकाचं तसं नाही. इथे एकाचं दुखणं दुसऱ्याला भोवतं.

खरी मेख इथेच आहे, बरं का. पडद्याचं आयुष्य वेगळं आणि यंत्राचं वेगळं. चांगला पडदा दहा-बारा वर्षं सहज टिकतो. यंत्र मात्र त्याआधीच जुनं होतं; बिघडतं म्हणून नव्हे, तर नव्या प्रणाली त्याला झेपत नाहीत म्हणून. ताजंच उदाहरण बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टनं थांबवली. २०१७ पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. ज्यांचा पडदा वेगळा होता, त्यांनी फक्त डबा बदलला. ज्यांचं एकत्र बिऱ्हाड होतं, त्यांना चांगल्या पडद्यासकट सगळंच मोडीत काढण्याचा विचार करावा लागला.

मग ही तऱ्हा संपली का? तसं नाही. ती नवीही नाही. १९८४ सालचा ॲपलचा मॅकिन्टॉश असाच एकाच डब्यातला होता. १९९८ मध्ये आलेल्या रंगीत आयमॅकनं तिला घरोघरी नाव मिळवून दिलं. पण अलीकडे मोठ्यांनीही हात आखडता घेतला आहे. ॲपलनं २७ इंची आयमॅक मार्च २०२२ मध्ये बंद केला. २४ इंची मात्र चालू आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. मायक्रोसॉफ्टनं आपल्या सरफेस स्टुडिओचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. एचपी, लेनोवो यांची मॉडेलं अजून निघतात. दवाखान्याची नोंदणी खिडकी, हॉटेलचा काउंटर, बँकेचं टेबल, अशा जागा अडचणीच्या असतात आणि बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो. तिथे ही तऱ्हा टिकेल असं मला वाटतं. आपल्या घरी तो माणूस कुठून आणायचा? गोंदियाला न्यायचं तर दिवस मोडतो, आणि एवढी मोठी काच रेल्वेतून सांभाळून न्यायची म्हणजे जिवाला घोर.

दुसरं म्हणजे आपल्याकडची वीज. या संगणकात बहुधा लॅपटॉपसारखेच सुटे भाग असतात, पण लॅपटॉपची बॅटरी नसते. लाईन गेली की केलेलं काम गेलं. म्हणजे लॅपटॉपच्या गैरसोयी घ्यायच्या आणि त्याची मोठी सोय सोडायची!

देखणेपणासाठीच हवा असेल तर आता दुसरी सोय आहे. जेवणाच्या डब्याएवढे ‘मिनी पीसी’ मिळतात. पडद्याला मागे तशी भोकं असली, तर पट्टीनं तो डबा पाठीमागे बसवता येतो. समोरून दिसतो एकच, पण दोघांचे संसार वेगळे.

तरीही ऑल-इन-वनच घ्यायचा असेल, तर पैसे मोजण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा:

१. यात ‘एचडीएमआय-इन’ आहे का? असेल तर यंत्र थकल्यावरही पडदा दुसऱ्या संगणकाला जोडता येतो. ‘आऊट’ आणि ‘इन’ यांत गफलत करू नका.

२. रॅम आणि एसएसडी पुढे बदलता येतात का?

३. हमी किती वर्षांची? कारागीर घरी येतो की वस्तू न्यावी लागते?

४. पडदा गेला तर नव्याचा खर्च किती? आकडा बिलाच्या मागे लिहून घ्या.

नणंदबाईंनी हे प्रश्न विचारले. तिसऱ्यावर दुकानदार घुटमळला आणि चौथ्यावर गप्पच बसला. मग त्यांनी वेगळा पडदा, छोटा डबा, चांगला कीबोर्ड आणि यूपीएस असं घेतलं. थोडे पैसे उरले, त्यातून भाचीच्या परीक्षेची फी भरली.

परवा तिचा फोन आला, “मामी, सरावाच्या मध्येच लाईन गेली. यूपीएस टीं-टीं करत होता, तोवर उतारा पुरा केला. २६ शब्द झाले!”

आणखी चार शब्द हवेत. होतील.

तुमच्या घरी कोणता संगणक आहे, किती वर्षं टिकला, दुरुस्ती कुठे झाली, हे जरूर कळवा. खेड्यापाड्यातल्या मैत्रिणींना त्याचा उपयोग होईल.