घरातला अखबारनवीस

'हमारे पास छिपाने को है ही क्या?' हे वाक्य हल्ली ग्वाल्हेरला लष्करातल्या मराठी घरांतूनही ऐकू येते, आणि तेही अभिमानाने. माझे स्पष्ट मत असे की हे वाक्य बोलणारा माणूस खरे बोलत नाही. जो गृहस्थ मुलीच्या स्थळाची बोलणी चालू असताना शेजाऱ्याला सुगावा लागू देत नाही, जमिनीचे कागद कुलपाआड ठेवतो, आईच्या आजाराचे नाव नातलगांतही हळू आवाजात घेतो, त्याच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही? पुष्कळ आहे. फोन हातात असताना त्याला ते आठवत नाही, इतकेच.

महादजी शिंद्यांच्या काळी एका दरबारात दुसऱ्या दरबाराचा अखबारनवीस बसलेला असे. कोण आले, कोण गेले, काय बोलणे झाले, सारे लिहून तो धन्याला कळवी. पण त्याचा पगार त्याचा धनी देई! आम्ही मात्र पंधरा-वीस हजार स्वतः मोजून अखबारनवीस घरी आणतो, रोज रात्री त्याला वीज पाजतो आणि उशाशी घेऊन झोपतो.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला तो २०२३ साली, आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. शिवाय सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची वाट त्या कायद्यातच ठेवलेली आहे. कायदा आहे म्हणून दार उघडे टाकून कोणी गावाला जात नाही.

लॅपटॉपचे कुलूप तर फुकट मिळते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. बऱ्याच जुन्या यंत्रांना विंडोज ११ चालत नाही, म्हणून दुकानदार सांगतो, 'नया ले लीजिए, सर.' आणि नवे घेतले की घरगुती विंडोज सुरू होतानाच कंपनीचे खाते काढायला लावते. त्यापेक्षा जुन्याच यंत्रावर लिनक्स मिंट किंवा डेबियन घालावे. त्याला दाम नाही की खाते नाही. आमच्या शाळेत आम्ही हेच केले. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठीतून वापरता येतात, आणि त्यांचे मराठीकरण स्वयंसेवकांच्या कष्टातून झाले आहे. परप्रांतात मराठी टिकावी म्हणून गणेशोत्सवात भाषणे ठोकणाऱ्यांपैकी किती जणांच्या संगणकावर मराठी आहे? 'मुलांना जमेल का?' असे एका पालकांनी विचारले. केरळच्या सरकारी शाळांतून दीड दशकाहून अधिक काळ लिनक्स शिकवतात. तिथली मुले काही वेगळ्या मातीची नाहीत.

फोनचे प्रकरण अवघड आहे, आणि ते सोपे असल्याचा आव मी आणणार नाही. ग्राफीनओएस ही प्रणाली उत्तम, पण ती आजवर गूगलच्या पिक्सेल फोनवरच चालत आली आहे. म्हणजे गूगलपासून सुटण्यासाठी गूगलचाच फोन विकत घ्यायचा! लिनेजओएस पुष्कळ जुन्या फोनांवर चालते. मात्र काही बँकांची अ‍ॅप्स अशा फोनवर रुसून बसतात. पैशांच्या व्यवहारापुरता वेगळा फोन ठेवणे हा उपाय आहे, पण तो खर्चाचा. ज्याला हे झेपत नाही त्याने निदान एवढे विचारावे, की बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या अ‍ॅपला आपल्या नातलगांचे नंबर कशाला हवेत? परवानगी काढून घ्यायला खर्च येत नाही. घरचे बोलणे सिग्नलवर न्यायलाही येत नाही. ते चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये ज्या अटी लोकांच्या गळी उतरवल्या, त्यांवरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटींचा दंड केला. त्या अटी वाचून 'मान्य' म्हटलेला एक तरी मराठी गृहस्थ मला कोणी दाखवावा.

आमच्या शाळेत ज्या पालकांना व्हॉट्सअ‍ॅप नको असेल त्यांना प्रत्येक सूचना मुलाच्या वहीत लिहून मिळते. ती मागणाऱ्यांत मराठी घरे अजून कमीच आहेत.